नळीतली काजळी

१८५७च्या काडतुसांना चरबी लावलेली होती, हे आपण सगळे शाळेत शिकलो. पण काडतुसाला मुळात चरबी हवी कशाला, हे वर्गात सहसा कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर बंदुकीच्या नळीत आहे. आणि ही नळी कशी जपायची, हे अमेरिकेतल्या जंगलात हरणामागे, अस्वलामागे फिरणाऱ्या शिकाऱ्याला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरायची. आधी दारू, मग गोळी, मग गजानं ठासायचं. आपल्या कोकणात शेतराखणीसाठी अशा बंदुका पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, तेव्हा शब्द तरी नवा नाही. या बंदुकीची काळी दारू म्हणजे सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ही दारू पेटली की तिचा सगळा धूर होऊन जातो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वजन घन रूपात उरतं. त्यातलं काही धुरातून उडून जातं आणि बाकीचं काजळी होऊन नळीला चिकटतं. या काजळीत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते आठवा. दमट हवेत न धुता ठेवलेली नळी एका रात्रीत गंजू लागते.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात जर्मन आणि स्विस वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली. नळी चांगली चाळीस इंचांहून लांब. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, तर हिच्यात पिळाच्या खाचा कोरलेल्या. त्या पिळामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि नेम सरळ लागतो. पण त्यासाठी गोळी खाचांना घट्ट बसायला हवी, आणि चार-सहा बार झाले की काजळीनं नळी आतून अरुंद होते. मग घट्ट गोळी खाली उतरणार कशी?

शिकाऱ्यांची युक्ती साधी होती. गोळी नळीपेक्षा किंचित लहान घ्यायची आणि चरबी चोपडलेल्या कापडाच्या चिंधीत धरून ठासायची. चिंधी खाचांत घट्ट बसते, चरबीमुळे गोळी सरकते, काजळी मऊ राहते, आणि प्रत्येक गोळी खाली उतरताना नळी थोडी पुसलीही जाते. या चिंध्या ठेवायला रायफलच्या दस्त्यातच पितळी झाकणाची छोटी पेटी असे. आज संग्रहालयात लोक त्या झाकणावरची नक्षी बघतात. मला मात्र तिच्या आतली तेलकट चिंधी जास्त महत्त्वाची वाटते. घाईच्या वेळी शिकारी चिंधी नुसती थुंकीनं ओली करून भागवत.

शिकारीहून परतल्यावर नळी धुणं हे जेवणाइतकंच ठरलेलं काम. क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून पाणी हेच खरं औषध. ते कढत असेल तर आणखी चांगलं, कारण तापलेली नळी मग आपोआप वाळते. गजाच्या टोकाला तागाचा पुंजका लावून पाणी काळं यायचं थांबेपर्यंत घासायचं, कोरडं करायचं आणि आत चरबीचा हात फिरवायचा. पुढे सेंट लुईसच्या हॉकन बंधूंच्या रायफलींत नळीचं बूड आकड्यात अडकवलेलं असे. त्यामुळे नळी दस्त्यातून चटकन सुटून बादलीत उभी करता येई. आणि उद्या शिकारीला जायचं असेल तर भरण्याआधी ती चरबी पुसून काढायची. नाहीतर तळाची दारू तेलकट होते आणि समोर अस्वल उभं असताना फुसका बार!

इतकं जपूनही मऊ लोखंडाच्या खाचा झिजतच. मग कारागीर त्या पुन्हा खोल कोरून देई. नळीचं तोंड त्यामुळे थोडं मोठं होई आणि शिकाऱ्याला गोळ्यांचा साचाही बदलावा लागे.

१८५३च्या एन्फील्ड रायफलपुढे हाच पेच होता. ती सैन्याची, पण ठासणीचीच. शिपायाला लढाईत नळी धुवायला सवड कुठली? म्हणून गोळीला कागद गुंडाळायचा आणि त्यालाच चरबी लावायची, म्हणजे शिकाऱ्याच्या चिंधीचं काम कागदाकडून. नळीला गाय कळत नाही आणि डुक्करही कळत नाही. तिला स्निग्धपणा हवा, मग तो मेणाचा का असेना. काडतुसं चावून फाडणाऱ्या शिपायाला मात्र हा फरक जन्माचा होता. कंपनीच्या दारूगोळा खात्यानं चरबी कोणत्या जनावराची, याची नीट खातरजमाच केली नाही. जानेवारी १८५७ मध्ये शिपायांनी स्वतःचं वंगण वापरावं अशी मुभा मिळाली, पण तोवर बातमी छावण्याछावण्यांतून फिरली होती. २४ एप्रिलला मेरठला घोडदळाच्या ९० जणांपुढे काडतुसं ठेवली. ८५ जणांनी हात लावला नाही. ती काडतुसं तर जुन्याच पद्धतीची होती.