पेटी विकली गेली का?

लक्ष्मी रोडच्या मागच्या एका गल्लीत माझ्या वडिलांचं छोट्या जाहिराती घेण्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि काचेखाली सरकवलेलं दरपत्रक. माणूस यायचा, मजकूर लिहून द्यायचा. बाबा पेन्सिलीने एकेका शब्दाखाली टिंब देत शब्द मोजायचे आणि कोपऱ्यात सदर लिहायचे: जागा भाड्याने, वधू पाहिजे, नोकरीविषयक, हरवले-सापडले. ज्यांना पत्ता उघड करायचा नसे त्यांच्यासाठी बॉक्स नंबर. त्या नंबरावर आलेली पाकिटं बाबा पेपरच्या कचेरीतून आणत, सुतळीने गठ्ठा बांधत आणि वहीत दोन रकाने भरत. पहिला ‘पत्रे’, दुसरा ‘निकाल’. हा दुसरा रकाना त्यांच्याकडे कुणी मागितलेला नव्हता. तो भरायला ते महिन्याभराने गिऱ्हाइकाला गाठून विचारत, “खोली गेली का हो?”

मी २००७ पासून गूगलवरच्या जाहिराती चालवते. कॅम्पेन कशाकशाची मिळून बांधायची आणि बोली लावणाऱ्या यंत्राला लक्ष्य काय द्यायचं, हे दोनच प्रश्न माझ्या पोटापाण्याचे आहेत. तीसेक वर्षांचाही हा धंदा नाही, पण एवढ्यात त्याने इतक्या वेळा कात टाकली आहे की आज कामाला लागणाऱ्या मुलांना मागचं काही ठाऊकच नसतं. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. १९९८ साली बिल ग्रॉस यांनी गोटू डॉट कॉम हे सर्च इंजिन काढलं. शोधल्या जाणाऱ्या शब्दावर जाहिरातदाराने बोली लावायची, जास्त बोली त्याची जाहिरात वर, आणि क्लिक झाली तरच पैसे. पुढे या कंपनीचं नाव ओव्हरचर झालं. बोली सगळ्यांना उघड दिसायची आणि जेवढी लावली तेवढीच भरावी लागायची. खोट इथेच होती. समजा, तुम्ही पन्नास सेंट लावले आणि तुमच्या खालच्याची बोली तीस आहे. मग वीस सेंट जास्त का मोजायचे? तुम्ही एकतीसवर उतरायचं. ते दिसलं की खालचा बत्तीस लावून वर चढायचा. मग तुम्ही तेहतीस. हे रात्रंदिवस करायला माणसं कशी पुरणार? लोकांनी छोटे प्रोग्रॅम लिहून या कामाला जुंपले. त्या काळच्या बोलींचे आलेख अर्थशास्त्रज्ञांनी नंतर काढले, ते करवतीच्या दात्यांसारखे दिसतात: हळूहळू चढ, एकदम घसरण, पुन्हा चढ.

म्हणजे या धंद्यातलं स्वयंचलन आधी जाहिरातदारांच्या बाजूने आलं, आणि त्या प्रोग्रॅमना दिलेलं लक्ष्य एकच होतं: शेजाऱ्यापेक्षा एक सेंट वर राहा. माल खपतोय की नाही, हे त्यांना कुणी विचारायला सांगितलेलंच नव्हतं.

गूगलने २३ ऑक्टोबर २००० रोजी ॲडवर्ड्स सुरू केलं तेव्हा त्यावर ३५० जाहिरातदार होते. त्यांत टपालाने जिवंत शेवंड पाठवणारा एक अमेरिकन विक्रेता अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी होता, अशी गोष्ट या धंद्यात सांगितली जाते, आणि कोकणातली गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या मला ती विशेष आवडते. तेव्हा पैसे हजार वेळा जाहिरात दिसण्यामागे लागत. खरा बदल फेब्रुवारी २००२ मध्ये झाला. क्लिकमागे पैसे आणि लिलाव आला, पण दोन दुरुस्त्या करून. एक, बोली कितीही लावा, खालच्याला मागे टाकायला जेवढे पुरतील तेवढेच पैसे द्यायचे. दुसऱ्या बोलीच्या किमतीवर चालणाऱ्या लिलावाचं गणित विल्यम व्हिक्रे यांनी १९६१ मध्ये मांडलं होतं, त्याचाच हा जवळचा भाऊबंद. त्यामुळे एकेक सेंट खालीवर करत बसण्यातला फायदाच बराचसा संपला. दोन, क्रम ठरवताना बोलीला क्लिक होण्याच्या शक्यतेने गुणायचं. कमी पैसेवाल्याची जाहिरात लोकांना जास्त उपयोगाची वाटली, तर ती वर जायची.

या दुसऱ्या दुरुस्तीने शोधशब्दांचे गट बांधण्याला कारागिरीचं मोल आलं. मी २००७ मध्ये कामाला लागले तेव्हाही दिवस याच कारागिरीचे होते. मथळ्याला २५ अक्षरं, खाली दोन ओळी, प्रत्येकी ३५ अक्षरांच्या. एवढ्यात शोधणाऱ्याच्या मनातला शब्द यायला हवा. पुण्यातल्या एका गाडीवाल्यासाठी मी ‘पुणे शिर्डी टॅक्सी’चा ॲड ग्रुप वेगळा, ‘पुणे मुंबई एअरपोर्ट ड्रॉप’चा वेगळा, ‘अष्टविनायक गाडी’चा वेगळा केला होता. काही जण तर प्रत्येक कीवर्डला स्वतंत्र गट करत. एक्सेलमध्ये हजारो ओळी, आणि दर सोमवारी सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून एकेका ओळीची बोली आठ आण्याने वर, बारा आण्याने खाली. कंटाळवाणं होतं खरं, पण त्या कामात एक गोष्ट होती जी मला आजही मोलाची वाटते. गट बांधताना ‘ही दोन माणसं एकच गोष्ट शोधतायत का?’ एवढंच स्वतःला विचारायचं असे. शिर्डीला जाणाऱ्या कुटुंबाला घासाघीस करायला वेळ असतो. पहाटेचं विमान गाठायचं असतं त्याला नसतो. गट अर्थावरून पडत.

त्याच २००७ साली गूगलने कन्व्हर्जन ऑप्टिमायझर आणला. क्लिकची बोली तुम्ही ठरवायची नाही. एका ऑर्डरमागे, एका चौकशीमागे किती खर्च परवडतो तो आकडा द्यायचा आणि प्रत्येक लिलावात कितीची बोली लावायची ते यंत्राने पाहायचं. पण यंत्राला शिकायला आकडे लागतात. सुरुवातीला महिन्यात शेकड्यांनी कन्व्हर्जन, म्हणजे अशा ऑर्डरी किंवा चौकशा, असतील अशाच कॅम्पेनला ही सोय मिळे. ती अट हळूहळू सैल होत १५ पर्यंत उतरली. आमच्यासारख्या छोट्या गिऱ्हाइकांच्या लोकांना दार उघडलं, आणि दारात उभं राहिल्यावर कळलं की आपण बारीक कातरलेले गटच आता आड येतायत. चाळीस गटांत चाळीस ऑर्डरी विभागल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक. एका ऑर्डरीवरून कोण काय शिकणार?

गट बांधण्याचं कारण इथे पहिल्यांदा बदललं. आधी अर्थ पाहायचा, आता संख्याही.

पोर्टफोलिओ हा शब्द शेअरबाजारातून आला. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये गुंतवणुकीच्या गाठोड्याचं गणित मांडलं होतं. त्यातल्याच एका संज्ञेवरून ‘एफिशियंट फ्रंटियर’ हे नाव घेऊन अनिल कामत यांनी २००२ साली कंपनी काढली आणि सर्चच्या जाहिरातींना ते गणित लावलं. (२०११ मध्ये अडोबीने ती विकत घ्यायचं ठरवलं.) गूगलने स्वतः २०१३ मध्ये अशी सोय दिली की वेगवेगळ्या कॅम्पेन एकाच लक्ष्याच्या दावणीला बांधता येतील. पुढे तिलाच पोर्टफोलिओ म्हणू लागले.

यातलं मर्म मी नव्या मुलांना कागदावर काढून दाखवते. पुण्याच्या कॅम्पेनला १८,००० रुपयांत १०० ऑर्डरी मिळतात, म्हणजे एक ऑर्डर १८० ला. मुंबईला १३,००० रुपयांत ५०, म्हणजे एक २६० ला. कुणीही म्हणेल, पैसे पुण्याला द्या. आता पुण्याचे १८,००० चे २२,००० करा. ऑर्डरी ११० होतात. वरच्या दहा ४,००० ला पडल्या, एक ४०० ला. मुंबईचे १३,००० चे १५,८०० करा, ऑर्डरी ६०. तिथल्या वरच्या दहा २,८०० ला, एक २८० ला. म्हणजे पुण्यात शेवटी टाकलेले ४,००० उचलून मुंबईत टाकले, तर दहा ऑर्डरी जातात आणि त्या दराने चौदा येतात. सरासरी पाहणारा फसतो. पाहायचा असतो तो शेवटचा रुपया, आणि तो दोन्हीकडे सारखंच फळ देईपर्यंत पैसा हलवत राहायचा. माणसाला हे दोन कॅम्पेनचं जमेल. वीस कॅम्पेनचं, तासातासाला, नाही जमत. यंत्राला जमतं. यंत्राबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो या हिशेबामुळे.

पण हा सगळा हिशेब ‘ऑर्डर’ या शब्दावर उभा आहे. तो शब्द कुठे नेमका बसवायचा, ते माणूस ठरवतो.

२०१७ च्या हंगामात देवगडचे एक बागायतदार माझ्याकडे आले. मी त्यांना काका म्हणते. घरचा हापूस थेट गिऱ्हाइकाला पेटीने पोचवायचा होता. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा चार कॅम्पेन केल्या. पैसे भरून झालेल्या ऑर्डरी सुरुवातीला हाताच्या बोटांवर, म्हणून यंत्राला आकडे पुरावेत यासाठी मी लक्ष्य बदललं. जाहिरातीतल्या फोनच्या बटणावर बोट पडलं की कन्व्हर्जन धरायचं. आकडे भराभर आले. एका फोनमागचा खर्च रोज उतरत होता आणि मी तो आलेख काकांना कौतुकाने पाठवत होते. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

“ताई, फोन भरपूर येतायत. पण निम्मे बागवालेच आहेत हो. आमचा माल घेता का, पेटीला काय देता, असं विचारतात.”

लोक काय शोधून जाहिरातीवर आले त्याची यादी मी उघडली. हापूसचा आजचा भाव, वाशी मार्केट आंबा दर, आंबा खरेदीदार. ज्याच्या घरात अढी घातलेली आहे आणि आंबा पिकत चाललाय, तो माणूस फोनचं बटण सगळ्यांत लवकर दाबतो. खाणारा अजून दोन ठिकाणी भाव बघून येतो. यंत्राने हे बरोबर ओळखलं होतं आणि मी लिहून दिलेलं लक्ष्य तंतोतंत पाळलं होतं. चूक माझी होती. तोवर अक्षय्य तृतीया उलटून गेली होती. काकांनी उरलेला माल वाशीला मिळेल त्या भावाने पाठवला. आंबा थांबत नाही. त्या वर्षी माझे पैसे मी घेतले नाहीत, पण त्याने काकांचा हंगाम परत येणार नव्हता.

पुढच्या वर्षी आम्ही पाया बदलला. जाहिरातीतून आलेल्या प्रत्येक क्लिकला गूगल एक ओळखक्रमांक देतं, आणि तो जपून ठेवला तर विक्री नंतर, फोनवर किंवा रोखीने झाली तरी ती कळवता येते. ही सोय २०१३ पासून होतीच, मी आळसाने वापरली नव्हती. काकांची सून रोज संध्याकाळी कुठल्या पेटीचे पैसे आले ते वहीत लिहायची, फोटो काढून मला पाठवायची, आणि रात्री मी ते चढवायचे. आता आकडे खरे होते, पण थोडे. एकेका शहराच्या वाट्याला आठवड्याला आठ-दहा पेट्या. म्हणून चारही शहरांचं पीक एकाच खळ्यावर आणलं: चार कॅम्पेन, एक पोर्टफोलिओ, एका पेटीमागे परवडणारा एक खर्च. ते चाललं, कारण नाशिकची पेटी आणि ठाण्याची पेटी काकांना जवळपास सारखंच देऊन जात होती. कंपन्यांना भेट द्यायच्या पेट्या मात्र मी आग्रहाने बाहेर ठेवल्या. पन्नास पेट्यांची एक ऑर्डर आत आली असती, तर यंत्र पुढचे दहा दिवस तसल्याच गिऱ्हाइकाच्या मागे धावलं असतं.

त्यानंतर बदलांचा वेग वाढला. २०१८ मध्ये ॲडवर्ड्सचं गूगल ॲड्स झालं. २०१९ मध्ये ‘सरासरी क्रमांक’ हा रकाना काढून टाकला गेला. शेजाऱ्यापेक्षा वर आहोत का, हा ओव्हरचरच्या काळचा प्रश्न विचारायची सवयच त्याने मोडली. त्याच वर्षी ऐन सणाच्या दिवसांत मागणी वाढणार आहे हे यंत्राला आधी सांगून ठेवायची सोय आली, ती मी गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेला वापरते. २०२१ च्या नोव्हेंबरात परफॉर्मन्स मॅक्स सगळ्यांना खुलं झालं. सर्च, यूट्यूब, जीमेल, मॅप्स असं सगळं एकाच कॅम्पेनमध्ये; आपण फोटो, मथळे आणि लक्ष्य द्यायचं. ‘शिर्डी’ आणि ‘एअरपोर्ट’ वेगळे काढणाऱ्या माझ्या एक्सेलच्या ओळी त्यात कुठेच बसत नाहीत. मला त्याचं दुःख नाही. दुःख होतं ते एखादा नवा मुलगा येऊन ‘मॅडम, लीडचा खर्च अर्ध्यावर आणला’ म्हणतो आणि त्या लीडांतली किती माणसं खरंच गिऱ्हाईक झाली हे त्याला सांगता येत नाही तेव्हा. मी त्याला बाबांच्या वहीतला तो दुसरा रकाना दाखवते. एका पानावर पत्रे ३१, निकाल कोरा. पुढच्या पानावर पत्रे ४, आणि निकालाखाली बाबांच्या तिरक्या अक्षरांत: खोली गेली.

काकांचं काम अजून माझ्याकडे आहे. हंगामात दर सोमवारी मी त्यांच्या सुनेला फोन लावते.

“किती गेल्या गं?”

“चाळीस गेल्या, ताई. दोन परत आल्या, साका निघाला.”

चढवलेली विक्री मागे घ्यायचीही सोय आहे. त्या दोन पेट्या मी त्याच रात्री आकड्यांतून काढून टाकते.