मोरीच्या पाण्याची बखर

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तहनामे आठवतात. मोरीच्या पाण्याची बखर लिहावी असे कोणाला वाटले नाही. वास्तविक घरातली घाण शेवटी कोणाच्या माथी जाते, यावरूनही एखाद्या काळाची ओळख पटते.

आमच्या माधवनगरात जुन्या घरांच्या मोरीचे पाणी परसातल्या केळीला आणि अळूला जाई. त्यात राखेपलीकडे फारसे काही नसे; माती ते मुकाट्याने पचवी. पुढे नळ आले, साबणाचे चुरे आले, पाणी वाढले आणि परस आटले. पाणी गटाराला लागले. शेजारच्या सांगलीत शेरीनाल्याने शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे कृष्णेच्या पात्रात ओतले, हे सांगलीकराला नव्याने सांगायला नको.

मैल्याची कथा याहून दुखरी. तो माणसांच्या डोक्यावरून जाई, आणि ती माणसे एका ठरावीक जातीची असत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मला करू द्या असा आग्रह धरला. परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी अन्नावर बहिष्कार घातला. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणारे संडास सिद्ध केले. आपल्या स्वच्छतेच्या इतिहासात एवढे मोठे पान मला तरी दुसरे दिसत नाही.

गांडुळांची थोरवी डार्विनने १८८१ च्या ग्रंथात गायली होती. परंतु सांडपाण्याच्या कामाला त्यांना जुंपले ते फार उशिरा. चिलीत होसे तोहा यांनी त्यांची गाळणी रचली, इकडे पुण्यात डॉ. उदय भवाळकरांनी गांडुळांच्या संशोधनाची संस्थाच काढली. २०००-०१ साली याच जिल्ह्यातले आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघाले आणि खेडोपाडी शोषखड्डे झाले. पण आमची काळी माती पावसात फुगते. मग खड्डा पाणी पीत नाही.

म्हणून मी परसात गाळणी केली. पिंपाच्या तळाशी जाड खडी, वर बारीक खडी, त्यावर लाकडाच्या ढलप्यांचा हातभर थर. उसाच्या चिपाडाला इकडे तोटा नाही, पण ते लवकर कुजून दबते. गांडुळे उकिरड्यातली तांबूस, आयसेनिया फेटिडा जातीची. शेतात खोल बिळे करणारी येथे टिकत नाहीत. ती अडकलेला गाळ खातात आणि थर मोकळा ठेवतात. हवा खेळली की जिवाणू उरलेले काम करतात आणि दुर्गंधी येत नाही. पाणी थांबून थांबून सोडावे, थर तुंबू देऊ नये, मुंग्यांवर नजर ठेवावी, फिनेल तर मुळीच नको. वर्षाकाठी खालचे काळे खत काढून नव्या ढलप्या घालतो. निथळलेले पाणी केळीला देतो. कोथिंबिरीला नाही, कारण रोगजंतू त्यात उरतातच.

नरकचतुर्दशीला मात्र अख्ख्या घराचे तेल, उटणे आणि कढत पाणी एकदमच येते. त्या दिवशी ते आधी टाकीत निवू देतो, वर आलेला तवंग पेंढ्याने टिपतो आणि फराळ झाल्यावर थोडे थोडे पिंपात सोडतो.