शार्त्रच्या कॅथेड्रलमधील वर्तुळाकार वाट

पॅरिसच्या नैऋत्येस सुमारे ९० किलोमीटरवर शार्त्र हे शहर आहे. तेथील पवित्र मरियेच्या कॅथेड्रलमध्ये नवखा प्रवासी शिरला, की त्याची नजर प्रथम वर, निळ्या काचचित्रांकडे जाते. पायाखाली काय आहे, याकडे त्याचे लक्षच जात नाही. त्यात त्याचा दोष नाही. वर्षातील बहुतेक दिवस तेथे खुर्च्यांच्या रांगा मांडलेल्या असतात.

त्या खुर्च्यांखाली, मुख्य सभागृहाची जवळजवळ संपूर्ण रुंदी व्यापणारी एक वर्तुळाकार वाट फरशीत बसविलेली आहे. तिला लॅबिरिंथ म्हणतात. ११९४ च्या आगीनंतर कॅथेड्रलची पुनर्बांधणी झाली, त्या काळातील, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभीची ही रचना होय. तिचा व्यास सुमारे १३ मीटर आहे. वाट फिकट दगडाची असून तिच्या कडा गडद दगडांनी आखल्या आहेत. अकरा फेरे घेत ती मध्यभागी पोहोचते. तोवर सुमारे २६० मीटर चालणे होते.

आपल्याकडे ‘भूलभुलैया’ म्हटले, की लखनौचा बडा इमामबाडा आठवतो. तेथे अनेक वाटा आहेत आणि चुकणे सहज शक्य आहे. शार्त्रला वाट एकच. तिला फाटे नाहीत. चकवा लागण्याची भीती नाही. तरीही चालणारा गोंधळतो. आरंभीच ती त्याला केंद्राच्या अगदी जवळ नेते, आणि पोहोचलोच असे वाटत असताना पुन्हा दूर वळवते. उलट, केंद्र येण्याच्या थोडेच आधी तो बाहेरच्या कडेवर असतो.

येरुशलेमची यात्रा ज्यांना अशक्य होती, ते भाविक या वाटेवर गुडघ्यांवर चालत, असे प्रवासपुस्तकांतून सर्रास वाचावयास मिळते. कल्पना हृद्य आहे. मात्र तिला मध्ययुगीन लेखी पुरावा नाही. ‘येरुशलेमची वाट’ हे नाव नंतरच्या काळातील आहे. फ्रान्समधीलच ओसेर येथील कॅथेड्रलविषयी मात्र लेखी नोंद आहे. तेथे पुनरुत्थान सणाच्या वेळी धर्मगुरू लॅबिरिंथवर फेर धरून नाचत आणि चेंडू झेलत. ही प्रथा १५३८ साली बंद करण्यात आली. दुःखापेक्षा पुनरुत्थानाच्या आनंदाशी या वाटेचे नाते अधिक जवळचे असावे, असे आम्हास वाटते.

अनेक कॅथेड्रलांतील अशा वाटा पुढे नष्ट झाल्या. रेंसची वाट अठराव्या शतकात उखडण्यात आली; आमियँची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने बांधावी लागली. शार्त्रच्या केंद्रस्थानी धातूचा पत्रा होता. राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ साली, तोफा ओतण्यासाठी तो काढून नेण्यात आला. त्याच्या खिळ्यांचे अवशेष अद्याप दिसतात. १९९१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमध्ये (हे एपिस्कोपल ख्रिस्तसभेचे आहे) लॉरेन आर्ट्रेस यांनी शार्त्रच्या धर्तीवर कापडावर रंगविलेली वाट अंथरली. तेव्हापासून अशा वाटांचा प्रसार जगभर झाला.

शार्त्रला जाणाऱ्यांनी शक्यतो शुक्रवार निवडावा. उपवासकाळापासून सकल संतांच्या सणापर्यंत सामान्यतः त्या दिवशी खुर्च्या हलविल्या जातात. वाट फूटभराहून थोडीच अधिक रुंद आहे, आणि केंद्रातून परतणाराही तिच्यावरूनच येतो. समोरून कोणी आल्यास थांबून, किंचित बाजूला होऊन त्याला जाऊ द्यावे लागते.