लाखेचं तिकीट

दिल्लीच्या डाक भवनातलं राष्ट्रीय टपाल तिकीट संग्रहालय ६ जुलै १९६८ रोजी सुरू झालं. त्याचा वर्धापनदिन आला, की तिकीट जमवणाऱ्यांना त्याच महिन्यातली एक जुनी तारीख हटकून आठवते. १ जुलै १८५२ला सिंध प्रांतात आशिया खंडातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट निघालं. किंमत अर्धा आणा, नाव ‘सिंदे डाक’.

हा उद्योग बार्टल फ्रियर या अधिकाऱ्याचा. हा साताऱ्याचा माजी रेसिडेंट. छत्रपती शहाजी १८४८ साली वारले, तेव्हा त्यांच्या दत्तकाचा हक्क मानावा असं त्याने कंपनी सरकारला सुचवलं. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानलं नाही, सातारा खालसा झाला. पुढे १८५०मध्ये फ्रियर सिंधचा कमिशनर झाला. मुंबईचा गव्हर्नर होऊन कोटाच्या भिंती पाडणारा फ्रियर तो हाच.

सिंधमध्ये हरकारे पायी डाक नेत. फ्रियरने त्यांच्या जागी घोडे आणि उंट आणले. पण हशिलाचा घोळ उरलाच होता. ते रोख मोजून द्यायचं, नाहीतर पत्र बैरंग पाठवून घेणाऱ्याच्या माथी मारायचं. इंग्लंडने १८४०मध्ये ‘पेनी ब्लॅक’ हे तिकीट काढून यावर उपाय शोधला होता. कराचीचे पोस्टमास्तर एडवर्ड कॉफी यांना हाताशी धरून फ्रियरने तोच सिंधमध्ये आणला.

तिकीट गोल होतं. कडेच्या पट्ट्यावर प्रांताचं नाव, मधे कंपनीची व्यापारी खूण. सुरुवातीला शाई नव्हतीच, नुसता दाब देऊन नक्षी उठवायची. सर्वसाधारण समजानुसार ते आधी शेंदरी लाखेच्या पातळ चकतीवर काढलं. लाख ठिसूळ, पत्र हाताळताना तडकायची, तुकडे पडायचे. म्हणून पांढऱ्या कागदावर तीच नक्षी पांढरीच उठवली, तर मंद उजेडात टपाल कारकुनाला तिकीट आहे की नाही हेच दिसेना! शेवटी निळा रंग आला आणि काम भागलं. आज ती सगळीच दुर्मीळ आहेत. न फुटलेलं लाखेचं तिकीट तर फारच.

दोन वर्षांत सगळ्या मुलखासाठी एकच तिकीट करायचं ठरलं. कलकत्त्यात सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत कॅप्टन थुइलिए यांनी ते शिळाछापावर छापायला घेतलं. अर्ध्या आण्याचं तिकीट आधी शेंदरी निघालं, पण विलायती शाई संपली आणि तिच्या जागी घेतलेल्या देशी शाईने दगड खराब झाले. मग तेही निळंच छापलं. रंग कुणाच्या आवडीने नव्हे, शाईच्या टंचाईने ठरला. ऑक्टोबर १८५४मध्ये ही तिकिटं सुरू झाली आणि सिंदे डाक मागे पडली.

फाळणीनंतर सिंदे डाकेची शंभरी पाकिस्तानने १९५२ साली तिकिटं काढून साजरी केली. भारताने शंभरी मानली ती १९५४ची, म्हणजे कलकत्त्याच्या तिकिटांची. मला हे पटत नाही. १८५२ साली सिंध मुंबई इलाख्यात होता. त्या हिशेबाने सिंदे डाक जितकी कराचीची तितकीच आपलीही, आणि आपल्या तिकिटांचं वय तिथपासूनच मोजायला हवं.