ओपिऑइड औषधे आणि आतड्यांची गती

अफूपासून मिळणारी मॉर्फिन, कोडीन आणि प्रयोगशाळेत बनणारी ट्रामाडॉल, फेंटानिल ही औषधे वेदना शमवतात आणि पचनमार्गातील अन्न व मळ पुढे सरकण्याचा वेग कमी करतात. अतिसारावर अफू देण्याची जुनी रीत याच गुणावर उभी होती.

आतड्याच्या भित्तीत स्नायूंच्या दोन थरांमध्ये चेतापेशींचे जाळे असते. तेथील ‘म्यू’ ग्राहींशी ओपिऑइड जोडले गेले की अ‍ॅसिटिलकोलीन कमी स्रवते. मग अन्न पुढे ढकलणारे क्रमसंकोच क्षीण होतात, जागच्या जागी होणारे आकुंचन वाढते आणि गुदद्वाराचा स्नायू आवळलेला राहतो. आतड्यातील स्रावही घटतात. रेंगाळलेल्या मळातील पाणी शोषले जाऊन तो कडक होतो. जठर उशिरा रिकामे होत असल्याने तोंडाने घेतलेली इतर औषधेही उशिरा लागू पडतात. हृदयविकाराच्या झटक्यात मॉर्फिन दिल्यास क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर यांचा परिणाम लांबतो, तो यामुळेच.

मळमळ, गुंगी यांची शरीराला काही दिवसांत सवय होते; बद्धकोष्ठतेची सहसा होत नाही. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन सुरू करतानाच सोनामुखी, बिसाकोडिल किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे रेचक द्यावे, असा संकेत आहे. तो पाळला गेला नाही, तर पोट फुगून हैराण झालेला रुग्ण वेदनाशामकच सोडून देतो. घरोघरी सापडणारे इसबगोल येथे फारसे कामाचे नाही: त्याने मळाचे आकारमान वाढते, पण तो ढकलणारे आतडेच सुस्त असते. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णात त्याने आतडे तुंबूही शकते. रेचके पुरी पडली नाहीत, तर ‘म्यू’ ग्राही अडवणारी मेथिलनाल्ट्रेक्सोनसारखी औषधे वापरतात. ती मेंदूत फारशी शिरत नाहीत. त्यामुळे वेदनाशमन टिकते आणि आतडे मोकळे होते.

बेल्जियममधील यान्सेन कंपनीच्या लोपेरामाइडने आतडे मंदावण्याचा हाच दोष कामी आणला. तेही ओपिऑइडच, पण रक्त-मेंदू अडसरावरील पी-ग्लायकोप्रोटीन त्याला परत बाहेर लोटते, म्हणून नेहमीच्या मात्रेत गुंगी येत नाही आणि जुलाब थांबतात. ताप व रक्तमिश्रित जुलाब असताना ते टाळावे. लहान मुलांना तर डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊच नये, कारण आतड्याची हालचाल पूर्ण थांबण्याचा धोका असतो. नशेसाठी प्रचंड मात्रेत घेतल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये दिला.