गावाची खोली

मुंबईच्या गिरणगावातल्या जुन्या चाळींत काही दारांवर आडनाव नसे, गावाचं नाव असे. खोली जेमतेम दहा बाय बाराची, आणि राहणारे वीस-पंचवीस, कधी त्याहूनही जास्त. कोकणातले चाकरमानी तिला ‘गावकीची खोली’ म्हणत, घाटावरची मंडळी ‘गाळा’.

तिचं मूळ गिरणीतच आहे. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळ्यापर्यंत भोंगे वाजू लागले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून माणसं येत गेली. बहुतेकांना नोकरी लावणारा जॉबर आपल्याच भागातला असे, म्हणून एका खात्यात एकाच गावची माणसं गोळा होत. पगारात बायकामुलांचं भागत नसे, आणि गावची शेतीही सांभाळायची असे. त्यामुळे बाप्या मुंबईत आणि घर गावाला, अशी वाटणी झाली. १९२१च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपासच स्त्रिया होत्या.

मग दहाजणांनी मिळून खोली घ्यायची, भाडं वाटून घ्यायचं. गिरण्या पाळ्यांत चालत, हे या खोलीच्या पथ्यावर पडलं. रात्रपाळीवाला सकाळी परतून वळकटी पसरायचा, तोवर पहिल्या पाळीचा कामावर गेलेला असायचा. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे भिंतीकडची एक पेटी आणि दोरीवरचे कपडे. उन्हाळ्यात निम्मी खोली गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर झोपे. जेवण खानावळवालीकडे, पैसे पगाराला. ती बाईही बहुधा गिरणी कामगाराचीच बायको असे. उधारीवर वीस-वीस जणांची जेवणं रांधणाऱ्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणगाव खऱ्या अर्थानं त्यांच्या चुलींवर जगलं, असं मी म्हणेन.

सरकारनंही कामगारांसाठी घरं बांधली. प्लेगनंतर १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. १९२०मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडीला काँक्रीटच्या २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामायिक. सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. भाडं जास्त आणि जागा गैरसोयीची, ही कारणं खरीच. पण आणखी एक कारण मला दिसतं: आपली माणसं जिथे आहेत ती गल्ली सोडून कोण जाणार?

कारण खोलीत नुसतं झोपायला मिळत नसे. गावाहून नवा पोरगा आला की पेटी ठेवायला कोपरा मिळे आणि नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडे कुणी भाडं मागत नसे. कुणी आजारी पडला तर आळीपाळीनं सोबत, कुणी मेला तर वर्गणी काढून खर्च. दरमहा जमणाऱ्या पैशांतून गावच्या शाळेची कौलं चढली, देवळाचा जीर्णोद्धार झाला. कुणी दारूत पगार उडवला, घरी मनीऑर्डर धाडली नाही, तर खोलीची बैठक बसे आणि वडीलधारे त्याला सर्वांदेखत जाब विचारत. या धाकात मायाही होती. परक्या शहरात माणूस वाहवत जाऊ नये म्हणून तो होता.

जातीची भिंत मात्र या खोलीनं पाडली नाही. गावची वाडी जशी, तशीच खोली. दलित कामगारांच्या खोल्या वेगळ्या, बहुधा चाळीही वेगळ्या. आपुलकीची ही मर्यादा विसरून खोलीची आठवण काढणं मला अन्यायाचं वाटतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांतला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, अनेकजण पेटी उचलून गावी गेले आणि परतलेच नाहीत. तरी कित्येक खोल्या अजून टिकून आहेत. स्पर्धा परीक्षेला किंवा टाटा रुग्णालयात उपचाराला आलेली गावची माणसं तिथे उतरतात. आता जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत. भाडेपावतीवर बहुधा एक-दोघांचीच नावं असतात, आणि नव्या घराचा करारही त्याच नावांनी होतो.