कोनी सॉस: हॉट डॉगवरच्या या खिम्याचं नाव न्यूयॉर्कचं, मग मसाला कुठला? आणि तो घरी कसा करायचा?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हॉट डॉगवर मसालेदार खिमा, पिवळ्या मोहरीचा सॉस आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा घालून देतात. त्याला म्हणतात 'कोनी आयलंड', किंवा लाडाने नुसतं 'कोनी'. आता कोनी आयलंड हा आहे न्यूयॉर्क शहरातला समुद्रकिनारा. पण तिथून जवळपास ५०० किलोमीटर उत्तरेला, न्यूयॉर्क राज्यातल्याच प्लॅट्सबर्ग गावात, खिमा घातलेल्या हॉट डॉगला लोक म्हणतात 'मिशिगन'!

गोंधळ इथेच संपत नाही. ऱ्होड आयलंड राज्यात अशाच पदार्थाला 'न्यूयॉर्क सिस्टिम' म्हणतात आणि न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये 'टेक्सास वीनर'. म्हणजे प्रत्येक गाव दुसऱ्याच गावाकडे बोट दाखवतं. मग हा खिमा मुळात कुणाचा? त्यात दालचिनी आणि लवंग कुठून आली? आणि तो घरी करायचा तर कसा? समजून घेऊ.

कोनी आयलंडचा याच्याशी काय संबंध?

नावापुरताच. चार्ल्स फेल्टमन या जर्मन स्थलांतरिताने १९व्या शतकात कोनी आयलंडवर पावात सॉसेज घालून विकायला सुरुवात केली. १९१६ मध्ये नेथन हँडवर्कर यांनी तिथेच 'नेथन्स' सुरू केलं. त्यामुळे 'कोनी आयलंड' म्हटलं की अमेरिकनांना हॉट डॉग आठवायला लागला. पण तिथल्या हॉट डॉगची ओळख म्हणजे मोहरीचा सॉस आणि आंबवलेली कोबी. खिमा नाही.

खिम्याचा कोनी आला मध्य-पश्चिम अमेरिकेतून. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनमधलं 'फेमस कोनी आयलंड' १९१४ पासूनचं. डेट्रॉइटमध्ये गस्ट केरोस या ग्रीक स्थलांतरिताने १९१७ मध्ये 'अमेरिकन कोनी आयलंड' उघडलं. त्यांच्या भावाचं 'लाफायेट कोनी आयलंड' अगदी शेजारच्याच दारात आलं. कुणाचा कोनी भारी, यावर डेट्रॉइटकर आजही वाद घालतात.

ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत टॉम आणि जॉन किरादजिएफ या भावांनी १९२२ मध्ये 'एम्प्रेस चिली' सुरू केलं. 'एम्प्रेस' हे शेजारच्या थिएटरचं नाव. हे भाऊ मॅसेडोनियन. त्यांचं मूळ गाव ह्रुपिश्ता आज ग्रीसमध्ये आहे आणि त्याचं नाव आर्गोस ओरेस्तिको झालं आहे. त्यांच्याकडे काम केलेले निकोलस लँब्रिनिडीस हे ग्रीसमधल्या कास्तोरियाचे. त्यांनी १९४९ मध्ये 'स्कायलाइन चिली' काढलं. १९६५ मध्ये जॉर्डनहून आलेल्या दाऊद बंधूंनी 'गोल्ड स्टार' सुरू केलं.

थोडक्यात, पाटीवरची नावं अमेरिकन, पण बरेचसे स्वयंपाकी बाल्कन प्रदेशातून आलेले.

मग पाटीवर 'ग्रीक' का लिहिलं नाही?

तो काळ बघितला की उत्तराचा अंदाज येतो. १९०९ मध्ये नेब्रास्कातल्या साउथ ओमाहा इथे एका ग्रीक माणसाच्या हातून पोलीस मारला गेला. त्यानंतर जमावाने तिथली अख्खी ग्रीक वस्ती जाळली आणि लोकांना गाव सोडून पळावं लागलं. १९२०च्या दशकात 'कू क्लक्स क्लॅन' या वर्णद्वेषी संघटनेचा जोर वाढला. तिचा रोख कृष्णवर्णीयांबरोबरच कॅथलिक, ज्यू आणि दक्षिण युरोपातल्या स्थलांतरितांवरही होता. त्याला तोंड देण्यासाठी ग्रीक अमेरिकनांनी १९२२ मध्ये अटलांटात 'अहेपा' ही संघटना स्थापन केली.

१९२४ मध्ये तर नवा कायदाच आला. त्यानुसार ग्रीसमधून वर्षाला फक्त १०० स्थलांतरितांना प्रवेश मिळणार होता.

अशा वातावरणात पाच सेंटचा हॉट डॉग विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला ओळखीचं वाटेल असं नाव लावलं, तर नवल नाही. न्यूयॉर्क म्हणजे झगमगाट, टेक्सास म्हणजे झणझणीत चिली. त्याला पुढे अपवादही झाले. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरात हाच प्रकार 'ग्रीक सॉस' म्हणूनच ओळखला जातो. बाकी बहुतेक ठिकाणी मात्र बनवणाऱ्याची ओळख पाटीवर नाही, पातेल्यात राहिली.

पातेल्यात ती कशी ओळखायची?

वासावरून. टेक्सासच्या 'चिली कॉन कार्ने'मध्ये मांसाचे तुकडे असतात आणि सगळा भर वाळलेल्या मिरच्यांवर असतो. सिनसिनाटीच्या सॉसमध्ये मात्र दालचिनी, लवंग आणि ऑलस्पाइस असतं. ग्रीसमध्ये पास्तित्सिओ किंवा मुसाका करताना मांस आणि टोमॅटोच्या सॉसला असाच सुगंध देतात.

आता गंमत बघा. ग्रीकमध्ये बारीक केलेल्या मांसाला म्हणतात 'किमास'. हा शब्द तुर्की 'किय्मा'वरून आला. तोच तुर्की शब्द दुसऱ्या वाटेने उर्दू-हिंदीत 'कीमा' आणि मराठीत 'खिमा' झाला. त्यामुळे कोनी सॉसला 'अमेरिकन खिमा' म्हणणं हा विनोद नाही, शब्दाच्या अर्थाने ते बरोबरच आहे.

प्रत्येक शहराचा खिमा वेगळा कसा?

- डेट्रॉइट: सॉस ओलसर, सैल. वर मोहरीची रेघ आणि कांदा. चीज नाही.
- फ्लिंट: हे शहरही मिशिगनमध्येच, पण इथला खिमा कोरडा आणि भुरभुरीत. त्याचा आधार म्हणजे गोमांसातलं बारीक दळलेलं काळीज, म्हणजे हृदय.
- ऱ्होड आयलंड: सॉसेज लहान, पाव वाफवलेला. खिमा, मोहरी, कांदा आणि सर्वात वर सेलरी सॉल्ट. इथल्या 'ओल्नीव्हिल न्यूयॉर्क सिस्टिम'ला २०१४ मध्ये मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला.
- सिनसिनाटी: खिमा अगदी मऊ, सुगंधी, वर किसलेल्या चेडर चीजचा ढीग. याला 'चीज कोनी' म्हणतात. हाच सॉस स्पॅगेटीवरही घालतात.

घरी करायला यातला सिनसिनाटीचा प्रकार सगळ्यात सोपा, कारण त्यातले बहुतेक मसाले आपल्या डब्यात असतातच. मोठ्या दुकानांच्या कृती गुप्त आहेत. खाली दिली आहे ती घरगुती पद्धत.

साहित्य काय लागेल? (१२ ते १५ हॉट डॉगसाठी)

- खिमा ५०० ग्रॅम
- गार पाणी ७५० मिली
- मोठा कांदा १, अगदी बारीक चिरून
- लसूण ३ पाकळ्या, ठेचून
- टोमॅटो प्युरी १५० मिली
- व्हिनेगर १ मोठा चमचा
- वुस्टरशर सॉस १ छोटा चमचा (असल्यास)
- बेडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड १ मोठा चमचा
- जिरेपूड १ छोटा चमचा
- ओरेगॅनो अर्धा छोटा चमचा
- दालचिनी पूड अर्धा छोटा चमचा
- ऑलस्पाइस पूड पाव छोटा चमचा
- लवंगपूड १ चिमूट
- बिनसाखरेची कोको पावडर १ छोटा चमचा
- तमालपत्र १
- मीठ पाऊण छोटा चमचा, नंतर चवीनुसार

खरेदी करताना कशाकडे लक्ष द्यायचं?

*चिली पावडर म्हणजे लाल तिखट नव्हे.* अमेरिकन कृतींमध्ये 'चिली पावडर दोन-तीन मोठे चमचे' असं लिहिलेलं असतं. ते म्हणजे सौम्य मिरची, जिरं, ओरेगॅनो आणि लसूण यांचं तयार मिश्रण. तेवढं लवंगी मिरचीचं तिखट घातलंत तर सॉस खाता येणार नाही. म्हणून वरच्या यादीत हे घटक सुटे दिले आहेत. तुम्ही अमेरिकेत राहत असाल आणि तिथली चिली पावडर वापरणार असाल, तर मिरची, जिरं आणि ओरेगॅनोच्या जागी तीच दीड मोठा चमचा घाला.

*तमालपत्र वेगळं आहे.* पाश्चात्त्य कृतींतलं 'बे लीफ' हे लॉरेल झाडाचं पान. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातल्या झाडाचं, त्यामुळे त्यालाही दालचिनीसारखा वास असतो. ते वापरलं तर दालचिनी पूड किंचित कमी करा.

*मांस कोणतं?* मूळ पदार्थ गोमांसाचा आहे. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आहे आणि २०१५ पासून त्यात बैल आणि वळूही येतात. त्यामुळे इथे मटणाचा खिमा घ्या. खिमा थोडी चरबी असलेला हवा आणि यंत्रातून दोनदा काढून आणा. चिकनचा खिमाही चालतो, पण तो लवकर शिजतो आणि चरबी कमी असल्याने कोरडा पडतो. त्यासाठी पाणी ५०० मिली घ्या आणि एकूण वेळ तासाभरावर आणा.

कृती: सर्वात महत्त्वाची गोष्ट कोणती?

फोडणी नाही. तेल तापवायचं नाही, कांदा परतायचा नाही, खिमा भाजायचा नाही. आपल्या सवयीच्या हे अगदी उलट आहे, पण या सॉसचा पोत इथेच ठरतो.

१. कच्चा खिमा गार पाण्यात घाला आणि बोटांनी कुस्करा. एकही गोळी राहता कामा नये. गरम तव्यावर पडलेला खिमा लगेच आकसतो आणि त्याचे गोळे होतात. गार पाण्यात तो सुटा होतो आणि शेवटपर्यंत मऊ, रवाळ राहतो. पाणी गढूळ, गुलाबी दिसेल. ते तसंच हवं.

२. मध्यम आचेवर ठेवा. उकळी येईपर्यंत मधूनमधून ढवळा, नाहीतर खिमा तळाला बसेल. वर आलेला फेस काढून टाका.

३. कांदा, लसूण आणि तमालपत्र घाला. आच मंद करा आणि झाकण अर्धवट ठेवून अर्धा तास शिजू द्या.

४. बाकीचं सगळं साहित्य घाला. आता दीड ते दोन तास मंद आचेवर, दर दहा-पंधरा मिनिटांनी ढवळत शिजवा. फार आटलं तर थोडं गरम पाणी घाला. कुकर लावण्याचा मोह होईल, पण बंद कुकरमध्ये पाणी आटत नाही आणि सॉस पाणचट राहतो.

५. दाटपणा तपासा. चमचाभर सॉस बशीत घ्या आणि बशी तिरकी करा. पाणी वेगळं वाहत असेल तर अजून आटवा. पावावर घातल्यावर सॉस सॉसेजवर थांबला पाहिजे. तमालपत्र काढून टाका.

६. शक्य असल्यास रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. चरबी वर गोठते, ती चमच्याने सहज निघते. दुसऱ्या दिवशी मसालेही एकजीव झालेले असतात. भाजल्याशिवाय शिजवलेल्या खिम्यात सगळी चरबी सॉसमध्येच उतरते, त्यामुळे मटण वापरलं असेल तर ही पायरी टाळू नका.

कोनी कसा रचायचा?

सॉसेज भाजण्याऐवजी हलक्या उकळत्या पाण्यात गरम करा. हॉट डॉगचा लांबट पाव मोदकपात्रात मिनिटभर वाफवा, म्हणजे तो मऊ होतो आणि वाकवताना तुटत नाही. मग क्रम असा: पावात सॉसेज, त्यावर मोहरीची रेघ, तीन मोठे चमचे गरम खिमा, कच्चा कांदा आणि शेवटी चीज.

चीज ऐनवेळी आणि अगदी बारीक किसा. ते खिम्याच्या वाफेवर खालून विरघळतं, वरून तसंच राहतं. प्रोसेस्ड चीज वापरणार असाल तर पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून किसा, म्हणजे चिकटणार नाही. डेट्रॉइटची चव हवी असेल तर चीज वगळा आणि सॉस थोडा सैल ठेवा.

उरलेला सॉस किती दिवस टिकतो?

खिम्याच्या बाबतीत स्वच्छता जास्त महत्त्वाची. मांस दळताना पृष्ठभागावरचे जंतू सगळीकडे मिसळतात, म्हणून तो आतपर्यंत किमान ७१ अंश सेल्सिअसपर्यंत (चिकन असेल तर ७४) तापला पाहिजे. दोन तास शिजणाऱ्या सॉसमध्ये ते होतंच, धोका असतो तो नंतर. पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका. सॉस उथळ भांड्यात पसरून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. तिथे तो तीन ते चार दिवस चांगला राहतो, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने. खाण्याआधी पुन्हा चांगली उकळी काढा.

पहिला घास खाऊन घरचं कुणी म्हणेल, 'हा तर आपला खिमाच आहे!' ते निम्मं खरं आहे. शब्द एकच आहे, लवंग-दालचिनीही तीच आहे. फरक फोडणीचा आहे, आणि शंभर वर्षांपूर्वी परक्या गावाच्या नावाने तो विकणाऱ्या माणसांचा.